कोपऱ्यावरच्या जिपड्याची कुळकथा

"काकू, चार काड्या कढीपत्ता घेऊ का?"

"घे की. पण आधी सांग, काल रात्री कोपऱ्यावरच्या बंगल्यात ट्रकमधनं काय उतरवलं? आमचे हे खिडकीला नाक लावून बसले होते."

"जीप आहे. जुनी, महिंद्राची, उंच बॉनेटवाली. साहेब रिटायर झालेत ना, त्यांनी घेतली. 1968 ची आहे म्हणतात."

"म्हणतात! म्हणणारा कोण, विकणाराच ना? अगं, ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात जीप चालवण्यात गेली. आमच्या घरी संध्याकाळी रामरक्षा झाली की जिपेचं पुराण लागायचं. उंच बॉनेट का असतं, माहितीये? लढाईतल्या विलीज जिपेचं इंजिन बुटकं, 60 हॉर्सपॉवरचं. पुढं इंजिनाची हवा-पेट्रोल आत घेणारी झडप ब्लॉकमधनं वर हेडात नेली. ताकद वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली. ते बॉनेटखाली मावेना, मग बॉनेटच उचललं. हीच ती सीजे थ्री बी. अमेरिकेत 1968 ला बंद झाली, आपल्याकडं मात्र निघतच राहिली."

"महिंद्रांनीच आणली ना ती इकडं?"

"त्यांचंही घरचं प्रकरण ऐक. कंपनी निघाली 1945 ला, लुधियान्यात. नाव महिंद्रा अँड मोहम्मद. इकडून महिंद्रा बंधू, तिकडून गुलाम मोहम्मद. फाळणी झाली आणि गुलाम मोहम्मद गेले पाकिस्तानात. थेट अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरल! इकडं 1948 ला पाटीवर मोहम्मदांच्या जागी दुसरं महिंद्रा आलं. लोक सांगतात, 'एम अँड एम' छापलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून. खरं-खोटं देव जाणे. बरं, साहेबांच्या जिपेचं स्टिअरिंग कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"बघ! त्या काळच्या बहुतेक जिपा डाव्या स्टिअरिंगच्या. मागच्या पत्र्यावर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं रंगवलेलं असायचं, ओव्हरटेक करणाऱ्यानं सांभाळून असावं म्हणून. म्हणजे कुणाचा तरी हात फिरलाय. आणि आवाज? सुरू केली होती का?"

"सकाळी केली. धडधडधड, आमच्या कपाटातली भांडी वाजली. आणि काळा धूर."

"डिझेल! मूळचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलंय. जीप पेट्रोल फार पिते म्हणून तेव्हा गावोगाव हेच चाललं होतं. त्यात चूक कुणाची? ज्याला उसाच्या फडात जायचं होतं, त्यानं खिशाचा हिशेब केला. पण आता साहेबांना व्हिंटेजची नंबरप्लेट हवी असणार."

"हो, 'व्हीए' अक्षरांची. तेच सांगत होते सगळ्यांना."

"कशी मिळेल? 2021 च्या नियमात स्वच्छ लिहिलंय, पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली हवीत आणि चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार नको. 20,000 रुपये भरले की 10 वर्षांची नोंदणी, पुन्हा करताना 5,000. एवढं करूनही रोज भाजी आणायला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. साधी नोंदणी म्हणशील तर तिथंही 2019 ला सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलंय, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार केलेली गाडी नोंदवायची नाही."

"मग घेताना बघायचं तरी काय, काकू?"

"रंग तर बघायचाच नाही. रंगानंच माणूस फसतो. खिशात लोहचुंबक न्यायचं आणि पत्र्यावर फिरवायचं. जिथं धरत नाही तिथं पुट्टी. मग साडी खोचून, म्हणजे त्यांनी पँट दुमडून, खाली सरपटायचं. फ्लोअरच्या खाली आडव्या पट्ट्या असतात, चिखल तिथं साचतो आणि गंज तिथनं वर चढतो. शेवटी चेसिसवरचा नंबर. त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची आणि उमटलेलं अक्षर न् अक्षर आरसी बुकाशी ताडायचं. दुसऱ्या राज्यातली असली तर तिथल्या आरटीओची एनओसी आधी, पैसे नंतर. पत्रा नवा ठोकता येतो, पाटे मिळतात, किंगपिनची बेअरिंगं मिळतात. खोडलेला नंबर मात्र कुठलाच मेस्त्री दुरुस्त करून देत नाही. जुनी जीप घेणारा इंजिनाला भुलतो. घ्यायचे असतात कागद आणि चेसिस, बाकीचं लोखंड त्याच्या मागनं येतं."

"आणि ते मोठमोठे टायर लावलेल्या जिपा? त्या कुठनं येतात?"

"त्यातल्या पुष्कळ हरियाणातल्या मंडी डबवालीहून. तिथं हवी तशी जीप बांधून देतात. हौस म्हणून झकास, पण तिला जुनी म्हणू नये. साहेबांनी निदान तसलं तरी आणलं नाही."

"तसे ते आधी जोंगा बघत होते. लष्कराच्या लिलावातली."

"वाचले! जोंगा म्हणजे निस्सानच्या आराखड्यावर जबलपूरच्या लष्करी कारखान्यात बनलेली. सहा सिलिंडरचं, जवळजवळ 4 लिटरचं पेट्रोल इंजिन. पंपवाल्यानं दिवाळीला घरी मिठाई पाठवली असती. पण तुला गं कसं माहीत, ते काय बघत होते?"

"तेच सांगणार होते, काकू. त्या जिपेत आमच्या ह्यांचेही निम्मे पैसे आहेत."

"अगं बाई! मग आधी नाही का बोलायचं! मी आपली तोंडाला येईल ते बोलत सुटले. बरं, चेसिसचा नंबर जुळतोय ना?"

"जुळतोय. ह्यांनी दोनदा बघितला."

"मग घाबरू नकोस. विकणाऱ्याला आजच फोन लावा आणि काढलेलं पेट्रोल इंजिन कुठंय ते विचारा. गोठ्यात, पोत्याखाली, नाहीतर पाहुण्याच्या शेडमध्ये असेल. आपल्याकडं लोखंड कुणी सहजासहजी टाकत नाही. ब्लॉक सापडला तर लेथवाल्याकडनं बोअर करून घ्या, पिस्टन-रिंगा नव्या घाला. स्टिअरिंग परत डावीकडं न्या. मग 'व्हीए'चं बोला. तोवर डिझेलचं नाव आरसीवर चढलंय का तेवढं बघा. आणि दोघांना एक बजावून ठेव. गिअरच्या शेजारी दोन बुटके दांडे आहेत, एक पुढच्या चाकांना ताकद देणारा, एक हाय आणि लो गिअर बदलणारा. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकून मिरवायचं नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, आणि मध्ये तो फरक गिळणारं डिफरन्शियल नाही. सगळं आवळून बसतं, दांडा सुटत नाही, टायर झिजतात ते वेगळंच. चिखल, वाळू, ओढा, तिथंच ते दांडे चालवायचे."

"हे सगळं तुम्ही सांगितलंत म्हणून सांगू?"

"माझं नाव कशाला? काकांनी सांगितलं म्हण. तेवढं निमंत्रण त्यांना पुष्कळ झालं. उद्या सकाळी पाना घेऊन हजर होतील आणि जीप उभी राहीपर्यंत त्यांचा मुक्काम तिकडंच. चहा मात्र तुम्ही द्यायचा, बिनसाखरेचा. कितीही मागितली तरी साखर द्यायची नाही."