लेकराची पहिली, बापाची फेरपरीक्षा
(चांदूर रेल्वेतल्या नवशिक्या पालकांसाठी)

आधी समजून घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. खासगी शाळेत प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या लेकरांच्या. हक्क लेकराचा, पायपीट बापाची, अशी कामाची वाटणी आहे.

साहित्य. जन्मदाखला, रहिवासी पुरावा, जातीचा नाहीतर १ लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, साऱ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स आणि चपलेचा नवा जोड.

१. लॉटरीत नंबर लागला म्हणून पेढे वाटू नका. पडताळणी समिती बाकी आहे.

२. समितीनं नाकारलं तर "काऊन?" म्हणून भांडू नका. "कारण लेखी द्या," म्हणा. 'काऊन' हवेत विरते, कागद फायलीत राहतो.

३. कारण बहुधा फुगा असतो. ऑनलाइन अर्जातल्या नकाशावरचा लाल फुगा आपल्या घरावर ठेवायचा असतो. पण अर्ज भरतो कॅफेवाला भाऊ, आणि फुगा बसतो त्याच्याच दुकानावर. मग शाळेचं अंतर दुकानापासून मोजलं जातं. वीजबिल जोडा, घर नेमकं कुठं ते लिहा. "रुळाच्या पलीकडे, लिंबापाशी" हा पत्ता पोस्टमनला पुरतो, उपग्रहाला नाही.

४. आधारवर तुम्ही ज्ञानेश्वर, रेशन कार्डावर ग्यानेश्वर, दाखल्यावर ज्ञानेश. तिघंही एकच इसम आहेत, असं प्रतिज्ञापत्र करा. नकाराविरुद्धचं अपील एका पानात उरका. गरिबीचं वर्णन नको. तिचा आकडा तहसीलच्या दाखल्यावर आहेच.

५. अपिलाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. साहेब दौऱ्यावर असतात. आवकचा टेबल कुठं जात नाही.

६. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणानं तक्रारीचा निकाल ३ महिन्यांत द्यायचा. तो पटला नाही तर पुढचं अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. आयोग मुंबईत; चांदूरहून मुंबईची गाडी मिळते, ही त्यातल्या त्यात सोय.

७. धीर सोडू नका. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. पालक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं ६ मे रोजी स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्दच केला. न्याय मिळाला, तोवर विदर्भातल्या शाळा उघडल्या होत्या.

८. म्हणून निकाल येईस्तोवर लेकराला जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवा. एका संध्याकाळी ते तुमची फाईल उघडेल, बोट ठेवून वाचेल: "अ… पा…" आणि थांबेल.

"बाबा, पुढचं जोडाक्षर हाये. बाईनं अजून शिकोलं नाई."

घाई करू नका. ते अक्षर तुमचं पाठ आहे.