हातातला टेपर

उद्यमनगरात माझी एक कीर्ती होती. आमच्या लेथवर सरळ जॉब फक्त माझ्याच हातून निघायचा. दुसऱ्या कुणी तोच रॉड लावला, की चकच्या बाजूला जाड आणि टेलस्टॉककडे बारीक. पोरं मायक्रोमीटर धरून माझ्याकडे बघायची. मग मी चष्मा कपाळावर चढवायचा, "सरका" म्हणायचं आणि क्रॉस स्लाइडच्या हँडलवर दोन बोटं ठेवायची. कॅरेज चकजवळ येत चाललं की ती बोटं हँडल किंचित, अगदी किंचित आत द्यायची. बघणाऱ्याला कळता कामा नये, हे सगळ्यात महत्त्वाचं. विचारलंच कुणी, तर "हात असावा लागतो" एवढंच.

ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, त्या गावच्या टर्नरनं स्वतःला कलावंत समजू नये तर काय समजावं?

या कलेचं मूळ बेडच्या खड्ड्यात होतं. लेथ आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचं. जन्मभर त्यांनी त्यावर गुऱ्हाळाच्या चरकाच्या पिना, इंजिनाची बुशं, पंपाच्या शाफ्टची टोकं केली. सगळी कामं आखूड, त्यामुळे कॅरेजची सगळी ये-जा चकपासून फूटभरात. पुढची व्ही नेमकी तिथं झिजली, सॅडल पुढं कललं आणि टूल जॉबपासून मागं हटायला लागलं. टेलस्टॉककडे मात्र कारखान्यातल्या स्क्रेपिंगच्या चंद्रकोरी अजून जशाच्या तशा. चकजवळ गिब आवळावी, तर तिकडं जाताना कॅरेज अडायचं. तिकडची जुळवावी, तर इकडं डुलायचं.

भाचा म्हणाला, "मामा, भंगारात काढा आन् सीएनसी घ्या." भंगारवाला आलाही. लेथभोवती एक चक्कर मारली, हेडस्टॉकवर दोन थापा मारल्या आणि किलोचा भाव सांगितला. माझं डोकंच फिरलं. ओतीव लोखंड जुनं झालं की त्यातले ताण निवतात, ते मुरतं. चांगले कारखाने तर नवं ओतकाम मुद्दाम मुरवत ठेवायचे. इतकी वर्षं मुरलेला बेड आणि हा माणूस त्याला काट्यावर घालायला निघालेला! त्याला चहा न पाजता वाटेला लावला आणि त्याच तिरमिरीत बेड ग्राइंडिंगला द्यायचं ठरवलं.

आता थोडं विषयांतर करतो. हे मला फार आवडतं आणि घरी कुणी ऐकून घेत नाही. सपाट म्हणजे काय, हे मुळात ठरवायचं कशावरून? एक पाटा दुसऱ्यावर ब्ल्यू लावून घासला आणि दोघं एकमेकांवर चपखल बसले, तरी दोघं सपाट आहेत असं सिद्ध होत नाही. एक फुगीर असेल, दुसरा तेवढाच खोलगट. बरीच लग्नं अशीच टिकतात. म्हणून तीन पाटे घ्यायचे आणि आळीपाळीनं एकमेकांवर लावून स्क्रेप करायचे. तिघांची तिघांशी गाठ बसली, की मगच तिघं सरळ. लबाडीला जागाच उरत नाही. जोसेफ व्हिटवर्थनं १८४० साली ग्लासगोला विद्वानांच्या सभेत यावर निबंध वाचला होता. तो ज्या हेन्री मॉडस्लेच्या हाताखाली शिकला, त्या मॉडस्लेनं बाकावर ठेवायचा एक मायक्रोमीटर बनवला होता, इंचाचा दहाहजारावा भाग दाखवणारा. त्याचं नाव 'लॉर्ड चॅन्सेलर', कारण मापाचा वाद त्याच्यापुढं गेला की निकाल लागला, वर अपील नाही. हे मी बायकोला कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "मग आपल्या घरात कोण?" मी विषय बदलला.

तर बेड ग्राइंडिंग. हेडस्टॉक उतरवला, लीड स्क्रू काढला आणि नुसता बेड टेम्पोत घालून नेला. तिथल्या मिस्त्रीनं त्याला लेव्हल करताना जो वेळ घेतला, त्यात माझी कीर्ती हळूहळू सांडत गेली. रॅक बसते ती जागा कधीच झिजत नाही, म्हणून डायलनं तिथून माप धरलं. मग डायल व्हीवरून चकच्या बाजूला सरकवली. काटा खाली गेला, आणखी खाली गेला.

"०.३ मिलिमीटर, मालक. एवढ्यावर सरळ जॉब काढत होतासा? कसा काय?"

"हात असावा लागतो," मी म्हणालो. त्यानं दुसऱ्या मिस्त्रीकडं बघितलं.

मला वाटायचं, ग्राइंडिंग म्हणजे खड्डा घालवणं. खड्डा जात नाही. तो भरता येत नाही, म्हणून बाकीचा सगळा बेड घासून त्याच्या पातळीला आणावा लागतो. आण्णांनी जिथवर झिजवलं होतं, तिथवर सगळं उतरलं. पाण्याबरोबर काळा चिखल वाहत होता आणि टेलस्टॉककडच्या चंद्रकोरी एकेका फेरीत पुसट होत गेल्या. मिस्त्री म्हणाला, मालक, चहा घेऊन या जावा, याला वेळ लागणार. मी गेलो नाही. आण्णांनी त्या टोकाला कधी कामच केलं नव्हतं. तेवढं लांब काम कुणी त्यांना दिलंच नाही.

बेड खाली गेला की सॅडल खाली, ॲप्रन खाली आणि लीड स्क्रू वाकडा धरला जातो. म्हणून सॅडलखाली टर्साइटच्या पट्ट्या चिकटवल्या आणि ब्ल्यू लावून ठिपके येईपर्यंत त्या स्क्रेप केल्या. मग सगळं जोडलं, नारळ फोडला आणि चाचणीचा रॉड लावला. मान अर्थातच माझा. चष्मा कपाळावर, दोन बोटं हँडलवर.

पोरानं मायक्रोमीटर लावला. परत लावला. "काका, चकजवळ बारीक येतंय."

"अजून बसायचंय ते," मी म्हणालो. दुसरा रॉड. पुन्हा बारीक. मग त्यानं धीर करून विचारलं, "मी बघू का?" ऑटो फीड टाकला आणि हात खिशात घालून उभा राहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच माप. हात खिशात!

तेव्हापासून शेडमध्ये मला चहाचं आणि जीएसटीचं काम आहे. पण परवा शेजारच्या शेडचे मालक आले. त्यांच्याकडं तसंच जुनं लेथ, चकजवळ तसाच खड्डा आणि शाफ्ट तातडीचा. "तुमचा हात लागला तर बरं," म्हणाले. गेलो. सरका म्हणालो. शाफ्ट असा सरळ आला की त्यांची पोरं मायक्रोमीटरकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत राहिली. निघताना त्यांनी बेड ग्राइंडिंगचा खर्च विचारला. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, अजिबात त्या भानगडीत पडू नका.