काडी फार छान आली आहे

भांडुपमध्ये राहणाऱ्या माणसाने कॅमेरा घेतला की पक्ष्यांच्या मागे लागण्यावाचून त्याची सुटका नसते. निम्मं आयुष्य स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत गेलेलं असलं, तरी हायवे ओलांडला की पंपिंग स्टेशन आहे आणि तिथल्या खाडीत फ्लेमिंगो येतात, हे त्याला एकदम आठवतं. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ साली रामसरच्या यादीत गेली. लोक कुठून कुठून अंधारात उठून, टोपीपासून बुटापर्यंत चिखलाच्या रंगाचे कपडे घालून येतात. आम्ही तर रिक्षाने पोचणारे. न जाणं म्हणजे गावात जत्रा असताना घरी झोपून राहणं.

माझ्या कॅमेऱ्यात फोकसचे ३९ पॉइंट आहेत. दुकानदाराने हा आकडा अशा थाटात सांगितला, की कमी पॉइंटवाल्या गिऱ्हाइकांची मला कीवच आली. १९८५ साली मिनोल्टा ७००० आला आणि ऑटोफोकसचं युग खऱ्या अर्थाने सुरू झालं, तेव्हा त्यात पॉइंट एकच होता, बरोबर मधोमध. त्या लोकांचं बरं होतं. मी भाजीवाल्यासमोर उभा राहून मेथी की पालक हे फोन करून विचारणारा माणूस. ३९मधला एक मी काय निवडणार? मी ऑटोवर टाकलं. म्हणजे, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

ऑटोचा स्वभाव तसा सरळ आहे. हल्लीचे मिररलेस कॅमेरे पक्ष्याचा डोळासुद्धा हुडकून काढतात म्हणे. माझ्या जुन्या कॅमेऱ्याला पक्षी आणि पाण्याची टाकी सारखीच. काय जवळ आहे आणि कशाची कड ठळक आहे, एवढं तो बघतो आणि बहुतेक वेळा जवळच्याची बाजू घेतो. मी गेलो त्या सकाळी भरतीचं पाणी चढत होतं, चिखल बुडत होता आणि फ्लेमिंगो काठाकडे सरकत होते. शेजारचे भलेमोठे लेन्सवाले श्वास रोखून उभे होते. मीही रोखला आणि बटण दाबत सुटलो.

घरी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवून फोटो लावले. प्रत्येक फोटोत तिवराची एक फांदी होती. तिवर खाऱ्या पाण्यातलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतो, हे मी शाळेत वाचलं होतं; आता पानावरचा मिठाचा कण न् कण समोर होता. पानाच्या कडेला कुठल्यातरी अळीने कुरतडलेलं होतं, तेही स्वच्छ. मागे गुलाबी धूर.

"काडी फार छान आली आहे," बायको म्हणाली. टोमणा असता तर परवडलं असतं. ती मनापासून म्हणाली.

याच भांडुपला १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क आले होते आणि मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे घाटांपर्यंत रेल्वे न्यायची कल्पना त्यांना इथेच सुचली, असं रेल्वेचा इतिहास सांगतो. तो गृहस्थ इथे उभा राहून थळ आणि भोर घाट पाहून गेला. माझी नजर हातभर अंतरावर अडकली.

पुढच्या खेपेला एका काकांना माझी दया आली. "अहो, ऑटो काढा आधी ते. एकच पॉइंट ठेवा, मधला. पक्ष्याच्या डोळ्यावर धरा, बटण अर्धं दाबा, दाबूनच ठेवा, मग कॅमेरा हवा तसा सरकवा." मधलाच का, तर कडेचे साधे पॉइंट एकाच दिशेच्या रेषा पकडतात, मधले नऊ क्रॉस टाइप, त्यांना उभ्या-आडव्या दोन्ही दिसतात. एक शेकाट्या समोर आला. लांब लालसर पाय, काळी टोकदार चोच. मी डोळ्यावर धरलं, अर्धं दाबलं, सरकवलं. डोळ्यातला उजेडाचा ठिपकासुद्धा आला! तो फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आणि तिथेच घात झाला.

कारण पुढच्याच महिन्यात भाचीचं लग्न होतं. "फोटोग्राफर कशाला दोन-दोन?" मी ताईला म्हणालो. "व्हिडिओवाला असू दे, फोटो मी आहे ना."

मी डाव्या डोळ्याने बघतो. डाव्या डोळ्याने बघणाऱ्याचं नाक कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर टेकतं, आणि माझ्या कॅमेऱ्यात त्या पडद्यावर बोट फिरवलं की फोकसचा पॉइंट हलतो. बोट आणि नाक यांत कॅमेरा भेद करत नाही. अंतरपाट दूर झाला, हार पडले, टाळ्या वाजल्या. माझा पॉइंट तोवर नाकाच्या धक्क्याने कोपऱ्यात गेला होता. तिथे आत्या पर्समधून बीपीची गोळी काढत होती. पाकिटावरची एक्सपायरी डेट वाचता येते.

ते लक्षात आल्यावर मी टचस्क्रीन बंद केला, पॉइंट मधोमध आणून बसवला आणि स्टेजकडे वळलो. काकांचा मंत्र पाठ होता. पण शेकाट्या एकटा होता, आणि नवरा-नवरी दोघं असतात. दोघं शेजारी उभी राहिली की फ्रेमच्या बरोबर मध्यावर दोन डोक्यांमधली फट येते. माझा क्रॉस टाइप पॉइंट त्या फटीतून नेमाने आरपार गेला आणि स्टेजच्या मागच्या पडद्यावर बसला. आहेर देणारे येत गेले, उभे राहत गेले, हसत गेले. प्रत्येकाच्या मागे 'शुभविवाह' ही शेवंतीची अक्षरं पाकळी न् पाकळी मोजावी अशी आली.

ताई आठवडाभर बोलली नाही. आत्या मात्र बोलली, "अरे, माझा तरी फोटो चांगला आलाय, असू दे."

मग एके दिवशी डेकोरेशनवाल्याचा फोन आला. कुणीतरी त्याला फोटो पाठवले होते.

"दादा, इतक्या वर्षांत माझ्या बॅकड्रॉपचे असे फोटो कुणी काढले नाहीत. जाहिरातीला वापरू का? फक्त पुढची माणसं काढून टाकता येतील का बघा."

मी म्हटलं, तशी ती फारशी नाहीतच.