रीलस्टार

मिसळ पुढ्यात आली की ती खायची असते, असा आपला साधा समज. रीलस्टारला तो मान्य नाही. कोल्हापूरच्या कुठल्याही मिसळीच्या दुकानात बघा: तो आधी दृष्ट काढल्यासारखा मोबाइल ताटाभोवती तीनदा फिरवतो. मग कट ओततानाचा शॉट. मालकांचा हात जरा हलला की लगेच, "काका, परत एकदा. जरा हळू ओता." काका ओततात आणि पुटपुटतात, "पाव्हणं, गार होतंय की!" तोवर फरसाणाचा लगदा झालेला. मग पहिला घास. तो जिभेला टेकण्याआधीच डोळे मिटतात, मान डोलते आणि कॉलरच्या माइकात आरोळी, "भावांनो, विषय हार्ड!" कालचा वडापावही विषय हार्डच होता, परवाचा फालुदाही. बेचव पदार्थ या माणसाने जन्मात खाल्लेला नाही.

हा गडी आभाळातून पडला नाही. 2016 साली जिओने डेटा स्वस्त केला. 2020 च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि दुसऱ्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स भारतात आणल्या. बारावीनंतर काय, या प्रश्नाला तोवर पोलीस भरती आणि एमपीएससी ही दोनच उत्तरं होती; तिसरं मिळालं. पूर्वी वडील "पोरगं मोबाइलवर असतं" म्हणून कपाळाला हात लावत. आता "कोलॅब करतं" असं ताठ मानेने सांगतात.

कोलॅब म्हणजे फ्लॅटपासून केसांच्या तेलापर्यंत कशाचीही तारीफ. पैसे किंवा भेटवस्तू घेतली असेल तर 'जाहिरात' असं ठळक लिहा, असा नियम ॲस्की या जाहिरात क्षेत्रातल्या संस्थेने 2021 मध्येच केला. हाही लिहितो, हॅशटॅगांच्या शेपटाच्या टोकाला, मुंगीला वाचता येईल असं. पावसाळ्यात हा धबधब्यावर असतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या मनाई आदेशाचा फलक त्याच्या रीलमध्ये दिसतो, पण पाठमोरा.

त्याची ताकद मात्र खोटी नाही. गल्लीतल्या झुणका-भाकरवाल्या मावशींकडे त्याने कॅमेरा नेला आणि पुढच्याच रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागली. दुपारी बारालाच पीठ संपलं. रोजचे हमाल आणि रिक्षावाले उपाशी परतले. महिन्याभरात भाकरी दहाची वीस रुपयांना झाली, 'व्हायरल मावशी' असा फ्लेक्स लागला आणि झुणक्यावर चीज आलं. पण मावशींचं सोसायटीचं कर्जही फिटलं. आता नावं ठेवायची ती कुणाला?

शिवाय त्याला हसणारे आपण तरी कोण? रात्री एक वाजता अंथरुणात अंगठा सरकवत त्याच्या त्याच गार मिसळीकडे बघणारे.

तेव्हा एवढंच करा. मिसळ आली की आधी खा. आवडली तर काकांना तोंडावर सांगा. आणि निघताना बिल द्या. रीलस्टार देत नाही.