किल्ली डॉक्टरकडे, बातमी गावाकडे

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी माझ्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ. गावाचं नाव सांगत नाही, बाईंचंही नाही. का, ते पुढे कळेलच. त्यांच्या तपासणीच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, कपाटाच्या आत कुलपाचा कप्पा, आणि कप्प्यात लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी. शेगाव जवळ, त्यामुळे मला वाटलं ‘गजानन विजय’ असणार. मी हात जोडायच्या बेतात होतो.

“पोथीच आहे भाऊ,” बाई म्हणाल्या, “फक्त हिचं पारायण करायला बंदी आहे.”

ते गर्भपाताच्या नोंदीचं रजिस्टर होतं. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा 1971 चा, रजिस्टरचे आताचे नियम 2003 चे. बाईचं नाव या एकाच वहीत लिहायचं. केसपेपरवर नाही, ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरात नाही, पुन्हा तपासणीला यायच्या कार्डावरही नाही. तिथे फक्त नंबर. नंबर दर जानेवारीत एकपासून सुरू. नियमात नमुनाही दिलाय: 5/1972. तिचं संमतिपत्र आणि डॉक्टरांचं मत एका पाकिटात घालायचं, पाकीट सीलबंद करायचं, वर ‘गुप्त’ लिहायचं आणि दवाखान्याच्या प्रमुखाने ते कुलपात ठेवायचं. कायद्याने अधिकार दिलेल्या माणसाशिवाय वही कुणाला दाखवायची नाही. शेवटच्या नोंदीनंतर पाच वर्षांनी ती नष्ट करायची. एवढ्यानेही संसदेचं समाधान झालं नाही, म्हणून 2021 च्या दुरुस्तीत कलम 5-अ आलं: डॉक्टरने बाईचं नाव फोडलं, तर एक वर्षापर्यंत तुरुंग, किंवा दंड, किंवा दोन्ही.

अणुबाँबच्या कागदांनंतर या देशात एवढी बडदास्त कुठल्या कागदाची होत असेल, तर ती याच वहीची. आता या बडदास्तीचा मुक्काम आमच्या जिल्ह्यात कसा पडतो ते बघा.

5/ चालू साल ही बाई सकाळच्या एसटीने उतरते. स्टँडवर ऑटोवाल्याला दवाखान्याचं नाव सांगते. तो मागे वळून न बघता म्हणतो, “त्याच म्याडमचा ना? पिशवी धुतात तो?” तेवढ्यात ऑटोत आणखी दोन सवाऱ्या बसलेल्या. दवाखान्यात पोचल्यावर बाकावर तिच्या नणंदेची चुलतसासू गुडघ्याचं इंजेक्शन घ्यायला आलेली. (स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गुडघ्याला का, हे विचारू नका, आमच्याकडे चांगला डॉक्टर म्हणजे सगळ्याचा डॉक्टर.) मग कंपाउंडर दार उघडून, कायद्याचं तंतोतंत पालन करत, नाव न घेता ओरडतो: “पाच नंबर! खाली करायचं कोन हाय?”

वहीत नाव गुप्त आहे. पाकीट सीलबंद आहे. संध्याकाळच्या एसटीने ती गावी पोचायच्या आत बातमी काळीपिवळीने पुढे गेलेली आहे.

सज्ञान बाईच्या गर्भपाताला कायद्याने तिच्या एकटीचीच संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. हे इतकं स्पष्ट आहे, की कुणाचाच त्यावर विश्वास बसत नाही. बाईंच्या दवाखान्यात मागत नाहीत, पण मी इतरत्र ऐकलंय: नवऱ्याची सही आणा, आधार आणा, घरचं मोठं माणूस आणा. सातबारा तेवढा मागायचा राहिलाय.

पण मी आज बाईमाणसाच्या नाही, डॉक्टरच्या गुपिताबद्दल लिहायला बसलोय. कारण कायद्याने वहीला कुलूप दिलं, डॉक्टरला मात्र भिंत दिली. केंद्राला मान्यता मिळाल्याचं प्रमाणपत्र सहज दिसेल असं लावायचं असतं. बाईंकडेही ते लावलेलं आहे. फक्त त्याच्या बरोबर पुढे, वाऱ्याने हलला की जरासं दिसेल अशा बेताने, कालनिर्णय टांगलेलं आहे. बाहेरच्या पाटीवर ‘प्रसूती, वंध्यत्व, स्त्रीरोग’ एवढंच. गर्भपात हा शब्द नाही.

“परवाना आहे तुमच्याकडे, मग लपवता कशाला?” मी विचारलं.

“परवाना आहे म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “ज्याच्याकडे परवाना आहे त्याच्याचकडे लोक येतात तपासायला.”

आणि येतात कोण कोण? एक येतो माहितीच्या अधिकाराचा अर्ज घेऊन: मागील तीन वर्षांत झालेल्या गर्भपातांची माहिती नाव-पत्त्यासह मिळावी, ही नम्र विनंती. एक येतो मोबाइल आडवा धरून, त्याचं पोर्टल आहे. पोर्टलचा संपादक, वार्ताहर, वितरक आणि वाचक तोच. एक येतो दिवाळीच्या आधी आठवडाभर, समाजकार्यासाठी. सगळ्यांचं वाक्य एकच: “म्याडम, ते रजिस्टर जरा दाखवता का?” बाई दाखवत नाहीत. मग ठरलेला प्रश्न: “काही लपवायचं नसंल तर दाखवायला काय होते?” याला उत्तर ‘एक वर्ष तुरुंग’ असं आहे, पण ते कुणी खरं मानत नाही. कायद्याच्या कलम 8 मध्ये म्हटलंय, की सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल डॉक्टरवर खटला नाही. छान कलम आहे. फक्त सद्भावना कपाटात ठेवता येत नाही, आणि ती सिद्ध करायला वकील लावावा लागतो.

या संशयाला कारण नाही असं मी म्हणणार नाही. 2011 च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 855 मुली निघाल्या. त्याआधीच्या जनगणनेत 908 होत्या. राज्याचा आकडा 894. जिजाऊंचं माहेर आमच्या सिंदखेडराजात, 12 जानेवारीला लाखो माणसं तिथे माथा टेकवतात, आणि आमच्या घरात मुलगी यायची तर सोनोग्राफीची वाट चुकवून यायची. शरम वाटावी असाच आकडा आहे. त्यासाठी 1994 चा वेगळा कायदा आहे, तो गर्भलिंगनिदानाविरुद्ध. तो कडक हवाच. पण 2012 मध्ये परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण फुटलं आणि तेव्हापासून सरकारी डोक्यात दोन कायद्यांची अशी खिचडी शिजली, की गर्भपात म्हटलं की भ्रूणहत्या आणि डॉक्टर म्हटलं की संशयित. औषध दुकानांवर धाडी पडल्या, हिशेब मागितले गेले, आणि गर्भपाताच्या गोळ्या अनेक दुकानदारांनी ठेवणंच सोडून दिलं. गोळ्या चालतात पहिल्या नऊ आठवड्यांत. तेव्हा मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीलाही दिसत नाही. पण हे धाड घालणाऱ्याला सांगणार कोण?

याच कामासाठी राज्य सरकारची खबऱ्या योजना आहे. गर्भलिंगनिदानाची खबर द्या, खरी निघाली तर एक लाख रुपये मिळवा. आणि हो, खबऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं. मनापासून गुप्त. सरकारला गुपित पाळता येतं, हे यावरून सिद्ध होतं.

आता पोलीस. अल्पवयीन मुलगी गर्भपाताला आली, की डॉक्टरपुढे गणित असं: बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या ‘पोक्सो’ कायद्याखाली पोलिसांना कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि नाव फोडलं तर 5-अ खाली एक वर्षापर्यंत. आमच्याकडे हिशेबात पक्के असलेले डॉक्टर तिसराच मार्ग काढायचे: “आमच्याकडे होत नाही, अकोल्याला न्या.” सर्वोच्च न्यायालयाच्या हे लक्षात आलं. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं, की पोलिसांना कळवा, पण मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर नाव-गाव कळवू नका; नाहीतर या मुली भोंदूंकडे जातील. तरी पोलीस नाव मागत राहिले. मग 2025 मध्ये मुंबईचे एक स्त्रीरोगतज्ज्ञ उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने पोलिसांना सुनावलं आणि आदेश राज्यातल्या सगळ्या ठाण्यांपर्यंत पोचावा म्हणून पोलीस महासंचालकांकडे पाठवायला सांगितला.

बाईंनी त्या निकालाची प्रत झेरॉक्स काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलीय. मध्ये एकदा एक हवालदार आले. भले गृहस्थ. निकाल उभ्याउभ्या वाचला, दोनदा वाचला, टोपी काढून डोकं खाजवलं.

“म्याडम, कोर्टाचं बरोबर हाय. पन आमच्या कॉम्प्युटरात नावाच्या रकान्यात काईतरी टाकल्याशिवाय ते समोर जातच नाई.”

“मग टाका, अज्ञात.”

“अज्ञात टाकलं तर साहेब म्हनते आरोपीच्या रकान्यात टाक.”

दोन न्यायालयांना जे जमलं नाही, ते त्या एका रकान्याने करून दाखवलं. शेवटी काय टाकलं, ते हवालदारांनीही सांगितलं नाही. त्यांचंही काही गुपित असू द्या.

आमच्या जिल्ह्याला मुळात गुपित पचत नाही, हा आणखी एक मुद्दा. आमच्याकडे भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस किती, पीक कोणतं, राजाची गादी स्थिर की डळमळीत, सगळं माइकवर सांगतात. जे अजून घडलंच नाही तेही आम्ही जाहीर करून टाकतो. घडलेलं काय झाकणार? 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळायला लागले, तर दिल्लीहून आयसीएमआरचं पथक पोचायच्या आत गावकऱ्यांची टकली घराघरांतल्या टीव्हीवर. त्याच महिन्यात बुलढाण्यात एका गर्भवतीच्या पोटातल्या बाळाच्या पोटात बाळ दिसलं. वैद्यकशास्त्रातली फार दुर्मीळ गोष्ट, मान्य. पण त्या बाईचं वय काय, महिना कितवा, हे सातासमुद्रापार गेलं. नाव तेवढं छापलं नाही, हे उपकार. तिच्या गावात नाव कळायला छापायची गरज होती असं नाही.

बाईंना मी अमेरिकेची गंमत सांगितली. तिकडे न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरीणबाईंनी गर्भपाताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि लुइझियाना या दुसऱ्या राज्यात त्यांच्यावर खटला भरला गेला. बाटलीच्या लेबलवर डॉक्टरचं नाव असतं ना, तिथून सुगावा. न्यूयॉर्कने 2025 च्या फेब्रुवारीत लगेच कायदा केला: डॉक्टरला नको असेल तर लेबलवर नावाऐवजी दवाखान्याचं नाव टाका. राज्य डॉक्टरच्या मागे उभं राहिलं, दुसऱ्या राज्याला तोंडावर नाही म्हणालं.

बाई हसल्या. “तिकडे गर्भपात गुन्हा म्हणून डॉक्टर लपतो. आपल्याकडे पन्नास वर्षांपासून कायदेशीर आहे, तरी कालनिर्णय मलाच टांगावं लागतं.”

मग त्यांनी खिडकीतून मागच्या गल्लीकडे बोट दाखवलं. तिथे एक ‘डॉक्टर’ बसतो. पाटी नाही, प्रमाणपत्र नाही, त्यामुळे कॅलेंडरचाही खर्च नाही. नाव विचारत नाही. सही घेत नाही. पावती देत नाही. वही नाही, त्यामुळे वही दाखवा म्हणायला कुणी येत नाही. माहितीचा अधिकार तिथवर पोचत नाही, पोर्टलही नाही. संपूर्ण, निर्भेळ, शंभर टक्के गोपनीयता. संसदेला 1971 पासून जे साधायचं होतं, ते त्याने एका गाळ्यात साधलंय. त्याच्याकडची बाई रात्री दोनला रक्तस्राव होत बाईंच्या दारात येते, तेव्हा नोंद करायची, कळवायचं आणि नातेवाइकांच्या शिव्या खायच्या, ते काम मात्र परवानावाल्यांकडे. बाई एवढं बोलल्या आणि थोडा वेळ गप्प राहिल्या. मीही काही विनोद केला नाही.

निघताना मी त्यांना आमच्याच बुलढाण्याची जुनी गोष्ट सांगितली. 1881 मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर खटला झाला. बदनामीच्या भीतीने तिने आपलं नवजात मूल मारलं होतं. फाशीची शिक्षा झाली, अपिलात फाशी टळून काळं पाणी आलं. ‘पुणेवैभव’ या पत्राने त्यावरून अख्ख्या बाईजातीची चामडी सोलली. ते वाचून बुलढाण्यातल्या एका बाईंचा संताप झाला. वडील बापूजी हरी शिंदे, डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. त्या ताराबाई शिंदे. 1882 मध्ये त्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्यात छापून आलं: सगळे दुर्गुण बायकांतच असतात, की पुरुषांतही तितकेच असतात? लोकांनी ते पुस्तक इतकं मनावर घेतलं, की नंतर ताराबाईंनी दुसरं लिहिल्याचं दिसत नाही. जोतीराव फुले तेवढे त्यांच्या बाजूने उभे राहिले. ते राहणारच, त्यांनी 1863 मध्येच पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढून, विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं, अशी जाहिरात भिंतीवर लावली होती. गुपिताची जाहिरात भिंतीवर! कालनिर्णय नव्हतं तेव्हा.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. लाल फडक्याची गाठ पुन्हा एकदा आवळली, कप्प्याला कुलूप घातलं, किल्ली कमरेच्या जुडग्यात अडकवली.

“विजयालक्ष्मीचं नाव तुम्हाला आज ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “आणि त्या मुलाच्या बापाचं?”

मी म्हणालो, ते मला कुठेच वाचायला मिळालं नाही.

“वही नाही, सील नाही, कलम 5-अ नाही, आणि इतकी वर्षं एक अक्षर फुटलं नाही. ते नाव कुठल्या कपाटात ठेवलं होतं हो भाऊ? मिळालं तर कंपनी विचारून ठेवा. मला तसलं एक घ्यायचंय.”