कार्यप्रणाली बदलण्याची विहित पद्धत

विंडोज १० या कार्यप्रणालीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ही तारीख कंपनीने दहा वर्षे आधीच जाहीर केलेली असल्यामुळे विद्यापीठांतील पहिले परिपत्रक ‘अत्यंत तातडीचे’ असा शिक्का घेऊन निघते. अपग्रेडची सुरुवात या परिपत्रकापासून धरतात, आणि अनेक ठिकाणी शेवटही.

पहिले काम पात्रता तपासणीचे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. कंपनीचा एक छोटा प्रोग्रॅम ही तपासणी मिनिटभरात करतो. एवढ्या झटपट निकालावर विद्यापीठाचा विश्वास बसत नाही. त्यामुळे विभागांकडून विहित नमुन्यात, दोन प्रतींत माहिती मागवली जाते. ‘टीपीएम आहे / नाही’ या रकान्यात कोणी ‘लागू नाही’ लिहितो, तर कोणी ‘मागणी नोंदवली आहे’. प्रत्यक्षात पुष्कळ यंत्रांत ही सोय असतेच, फक्त बायोसमध्ये बंद असते. बायोसला पासवर्ड असतो, आणि तो ठाऊक असलेल्या ऑपरेटरचे कंत्राट काटकसरीपायी मार्चअखेर संपवलेले असते.

अपात्र ठरलेली यंत्रे टाकून देता येत नाहीत. संगणक कोणाच्याही टेबलावर असला तरी तो खरा राहतो डेडस्टॉक रजिस्टरमध्ये. तिथे नोंद असते ‘संगणक संच, मॉनिटर, कीबोर्ड व माउससह’. निर्लेखन समिती संच मोजायला येते तेव्हा मॉनिटर सापडतो, कीबोर्ड सापडतो, माउस मात्र परीक्षा विभागाने निकालाच्या गडबडीत नेलेला असतो. परीक्षा विभाग माउस परत करतो, पण तो दुसऱ्याच कंपनीचा. संच अपूर्ण म्हणून समिती शेरा मारून निघून जाते आणि यंत्र जिन्याखाली मुक्कामाला जाते. नव्या यंत्राची मागणी याच कारणाने अडते: जुने रजिस्टरवर शिल्लक दिसते.

पात्र यंत्रांपुढे सॉफ्टवेअरचा प्रश्न असतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, त्यामुळे डॉसच्या काळातले फॉक्सप्रो त्यावर थेट चालत नाही. आणि जुना पगार प्रोग्रॅम नेमका फॉक्सप्रोमध्ये असतो. तो लिहिणारा माणूस कोण हे सांगता येत नाही, पण महागाई भत्त्याचा फरक त्या प्रोग्रॅमइतका अचूक कोणी काढत नाही अशी लेखा विभागाची श्रद्धा असते. ते एक यंत्र मग नेट काढून, कापडी आच्छादन घालून तसेच ठेवतात. आस्थापनेत वीस वर्षांची परिपत्रके युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. नव्या यंत्रावर तो फॉन्ट घालायचा राहिला की कुलगुरूंचा आदेश अगम्य चिन्हांत उमटतो. फरक लक्षात यायला काही दिवस जातात.

प्रशिक्षणाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. स्टार्ट बटण डावीकडून मध्यभागी आले, एवढे सांगायला दीपप्रज्वलनासह एकदिवसीय कार्यशाळा होते आणि तिचे फोटो नॅकच्या फाइलला लागतात.

खरी मदत लागते ती दुसऱ्या दिवशी. बायोसमध्ये हात घातल्यावर बिटलॉकर निळ्या पडद्यावर ४८ अंकी कुंजी मागतो. संगणक केंद्राला फोन येतो, “मॅडम, ओटीपी फार मोठा आलाय.” कुंजी शोधून दिल्यावर ती पुन्हा हरवू नये म्हणून कागदावर लिहून मॉनिटरलाच सेलोटेपने चिकटवतात.

उरलेल्या यंत्रांसाठी शैक्षणिक संस्थांना वाढीव सुरक्षा आधार स्वस्तात मिळतो: पहिल्या वर्षी यंत्रामागे १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. ही मुदत २०२८ च्या ऑक्टोबरात संपते. तोपर्यंत पहिल्या वर्षीच्या डॉलरला विनिमय दर कोणत्या दिवसाचा धरला, हा लेखापरीक्षणातला आक्षेप निकाली निघालेला नसतो.