पोर्टकर

मोबाइल कंपन्यांचे फायदे-तोटे तोलत बसणारा माणूस चार पैसे वाचावेत म्हणून तोलतो, असा एक भाबडा समज आहे. त्याला आपण पोर्टकर म्हणू. प्रत्येक सोसायटीत आणि प्रत्येक ऑफिसात हा एक असतोच. त्याचा हिशेब चुकीचा असतो असं कुणी म्हणू नये. २८ दिवसांचा प्लॅन घेतला की वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज बसतात, हे त्याने लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढली जात असताना चारचौघांना पटवून दिलेलं असतं. निदान एक तरी प्लॅन ३० दिवसांचा ठेवा, असं दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना बजावलं ते त्यानंतर, २०२२ साली. ८४ दिवसांचा प्लॅन परवडतो की वर्षाचा, हे तो दिवसाला पैशापर्यंत काढून सांगतो. फक्त रोजच्या दीड जीबीतला सव्वा जीबी कोणता प्लॅन स्वस्त हे सांगणारे व्हिडिओ बघण्यात जातो, तेवढा खर्च हिशेबात येत नाही.

बचतच हवी असती तर हा गृहस्थ केव्हाच मोकळा झाला असता. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर सुरू झाली २० जानेवारी २०११ला. १९००वर एक मेसेज टाकायचा, आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो. पोर्टकर मेसेज टाकतो, कोडही येतो. पण त्याला हवी असते ती पुढची गोष्ट, म्हणजे कंपनीचा फोन. एरवी ‘मराठीसाठी अमुक दाबा’ करत ज्यांनी त्याला ताटकळत ठेवलं, तेच आता ‘सर, आपण का जाताय?’ असं मऊ आवाजात विचारतात. मुलीकडच्यांनी मनधरणी करावी तसा तो खुलतो, नेटवर्कपासून कॉलर ट्यूनपर्यंत सगळी गाऱ्हाणी मांडतो आणि ‘विचार करून सांगतो’ म्हणतो. त्या विचारात कोडचे चार दिवस उलटतात. कधी चुकून खरंच पोर्ट झालाच, तर नियमाने ९० दिवस पुन्हा हलता येत नाही. तोलायला काही उरलेलं नाही या कल्पनेनेच तो खंगतो, आणि मग फोनच्या रिकाम्या स्लॉटमध्ये दुसरं सिम घालतो. तौलनिक अभ्यासासाठी.

यावर कुणी म्हणेल, अशी चिकित्सक गिऱ्हाइकं आहेत म्हणून तर दर खाली आले. यात तथ्य आहे. १९९५ साली मोबाइल आला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, आणि तिथून २०१६च्या फुकट डेटापर्यंत आपण आलो ते चढाओढीमुळेच. पण तेव्हा दुकानं पुष्कळ होती. आता तीन खासगी आणि एक सरकारी. जुलै २०२४मध्ये तिघा खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दर वाढवले, तेव्हा तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकच वजन पडलं. अनेकांनी मुकाट्याने बीएसएनएल गाठलं. पोर्टकरने बीएसएनएलवर आठवडाभर व्याख्यानं दिली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दर राहू द्या, रेंज तर पाहायला हवी ना? हवीच. मात्र रेंज ठरते टॉवर किती जवळ, लहरी कोणत्या पट्ट्यातल्या आणि भिंती किती जाड यावर. ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी घरात जितक्या शिरतात तितक्या २३००च्या शिरत नाहीत. देशभरच्या वेगाचे तक्ते तोंडपाठ करून आपल्या स्वयंपाकघरात काय होईल ते कळत नाही. शेजारच्या काकूंना विचारलं तर मिनिटभरात कळतं. पोर्टकर काकूंना विचारत नाही, कारण त्या उत्तर देतील.

त्याला खरा राग आहे तो एका जागी बसून राहिलेल्यांचा. मुंबईत एके काळी मॅक्स टच घेतलेला माणूस खुर्चीतून न उठता ऑरेंज, हच, व्होडाफोन करत व्हीआयपर्यंत पोहोचला. ‘लोक चौकशीच करत नाहीत हो,’ असं पोर्टकर त्याच्याबद्दल कळवळून सांगतो. सांगतो गॅलरीत उभा राहून, कारण आत त्याच्या फोनला रेंज नाही. आणि पुरावा म्हणून तक्ता दाखवायचा तर आधी बायकोला हॉटस्पॉट चालू करायला हाक मारावी लागते.